पानांचे छाप की रानातली वेचणी: शाळकरी मुलांसाठी काय निवडावे?

शाळकरी मुलांना दोन-तीन तास उघड्यावर न्यायचे ठरले, की पाने, बिया, माती यांपासून काही घडवायचे की खाण्याजोग्या वनस्पती ओळखून वेचायच्या, असा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो. साहित्य दोन्हींना फारसे लागत नाही. फरक आहे तो चुकीच्या परिणामात: हस्तकलेत चूक झाली तर चित्र बिघडते, वेचणीत झाली तर ती पोटात जाते.

हस्तकलेतला सर्वांत सोपा प्रकार पानाच्या छापाचा. शिरा पानाच्या पाठीवर अधिक उठावदार असल्याने ती बाजू वर ठेवायची, त्यावर पातळ कागद धरायचा आणि रंगखडू आडवा फिरवायचा. हे पहिली-दुसरीतल्या मुलांनाही जमते. सुती कापडाच्या घडीत ताजे पान ठेवून ते लहान हातोडीने ठोकले, तर हिरवा ठसा शिरांसकट उमटतो, मात्र हरितद्रव्य उन्हात टिकत नसल्यामुळे तो पुढे फिकटतो, हे मुलांना आधीच सांगावे. मोठ्या मुलांसाठी माझी पसंती सायनोटाइपला आहे. लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर पान ठेवून तो काही मिनिटे कडक उन्हात ठेवला आणि नंतर पाण्यात धुतला, की निळ्या पार्श्वभूमीवर पानाची पांढरी आकृती दिसू लागते. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही पद्धत 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी तिच्या आधारे शैवालांच्या आकृत्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली, त्यामुळे याला केवळ करमणूक म्हणता येणार नाही.

हस्तकलेची उणीव अशी, की झाडाचे नाव न कळताही चित्र पूर्ण होते. शिवाय वर्गातल्या प्रत्येकाने मूठभर फुले तोडली, तर एखादे झुडूप ओकेबोके होते. म्हणून शक्यतो खाली पडलेलेच उचलावे. काही वनस्पतींच्या चिकाने त्वचेवर फोड येतात, त्यामुळे जागा आधी मोठ्या माणसाने पाहून घेणे इथेही टळत नाही.

वेचणीत नजर जास्त घडते, हे मान्य करावे लागेल. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा दातेरी आहे की सलग, देठ मोडल्यावर चीक येतो का, चुरगळलेल्या पानाला वास कसा येतो, इतके सगळे पाहिल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. पण ती पक्की नसेल, तर पक्षी खातात किंवा चव कडू नाही म्हणून फळ निर्धोक ठरत नाही; मोबाईलवरील ॲपने सांगितलेले नाव तर खाण्यासाठी मुळीच पुरेसे नाही. अळिंबी मुलांच्या वेचणीतून सरसकट वगळावी. ‘डेथ कॅप’ या अळिंबीचे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि लक्षणे साधारणतः सहा तास उलटल्यावरच दिसू लागतात, तोवर मुले घरी पोहोचलेली असतात. छत्रीसारखा फुलोरा असलेल्या रानटी वनस्पतीही टाळाव्यात, कारण असा फुलोरा गाजराच्या कुळाची खूण आहे आणि हेमलॉक ही विषारी वनस्पतीही त्याच कुळातली आहे. यात भर म्हणजे रस्त्याकडेची धूळ, फवारलेली औषधे आणि एखाद्या मुलाची ॲलर्जी.

त्यामुळे निर्णय मुलांच्या वयापेक्षा सोबतच्या माणसावर अवलंबून ठेवावा. त्या परिसरातल्या वनस्पती वर्षानुवर्षे ओळखणारी आणि खाणारी व्यक्ती बरोबर असेल, मुलांचा गट लहान असेल आणि जागामालकाची परवानगी असेल, तर एकाच निःसंदिग्ध फळाची वेचणी करावी आणि त्या व्यक्तीने प्रत्येक मुलाची ओंजळ तपासेपर्यंत कोणीही काही तोंडात घालू नये. यातली एक जरी अट अपुरी राहत असेल, तर हस्तकलाच निवडावी, आणि तिच्यात वेचणीची शिस्त आणावी: मुलाने पाच वेगवेगळी पाने गोळा करायची, त्यांतले फरक वहीत लिहायचे आणि मगच त्यांतले एक पान सायनोटाइपच्या कागदावर ठेवायचे.