स्लिदर: ऑडिटरला पैसे देण्याआधी चालवावं असं मोफत टूल

सॉलिडिटी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे व्यवहाराचे प्रोग्राम) तपासणारं स्लिदर हे टूल ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा कंपनीने २०१८ मध्ये खुलं केलं. ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि नाशिकमधल्या चार-पाच जणांच्या टीमच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. कोड प्रत्यक्ष न चालवता तो वाचून ठरावीक साच्याच्या चुका ते काढून देतं. ऑडिटच्या, म्हणजे तज्ज्ञांकडून होणाऱ्या कोडच्या सुरक्षा तपासणीच्या, आधीची झाडलोट म्हणून आम्ही त्याला पाचपैकी साडेचार गुण देऊ. ऑडिटच्या जागी ते वापरणार असाल, तर शून्य.

बसवायला पायथन लागतं. ‘पिप’ने ‘स्लिदर-ॲनलायझर’ हे पॅकेज घ्यायचं, जोडीला ‘सोल्क-सिलेक्ट’. पहिली अडचण बहुतेकांना इथेच येते. कॉन्ट्रॅक्टच्या सुरुवातीला कंपायलरची (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) जी आवृत्ती बांधलेली असते, ती मशीनवर नसते. मग टूल कंपाइलवरच अडतं आणि लोक टूललाच दोष देतात. सोल्क-सिलेक्टने नेमकी तीच आवृत्ती उतरवून चालू केली की काम होतं. फाउंड्री किंवा हार्डहॅट या कोड बांधण्या-तपासण्याच्या साधनांत केलेला प्रकल्प असेल, तर मुख्य फोल्डरमधून चालवावं, सुटी फाइल देऊ नये. नाहीतर आयात केलेल्या लायब्ररी सापडत नाहीत.

पहिल्या फेरीत इशाऱ्यांचा पूर येतो. त्यातला मोठा भाग नावांच्या पद्धतीबद्दल, कंपायलरच्या आवृत्तीबद्दल आणि ओपनझेपेलिनसारख्या बाहेरच्या लायब्ररीबद्दल असतो. ‘एक्सक्लूड डिपेन्डन्सीज’ आणि ‘एक्सक्लूड इन्फर्मेशनल’ हे दोन पर्याय लावले की यादी वाचण्याजोगी होते. उरलेले इशारे ‘ट्रायेज’ मोडमध्ये एकेक वाचून, खोटा निघाला तरच लपवावा. खोटे इशारे बरेच येतात, ही या टूलची खरी उणीव. कंटाळून सगळेच एकदम दाबून टाकले की त्यात खराही जातो.

खरे निघतात ते मात्र मोलाचे असतात. शिल्लक कमी करण्याआधी बाहेर पैसे पाठवणारं फंक्शन स्लिदर सहसा दाखवतं. २०१६ च्या जूनमध्ये ‘द डाओ’ या इथेरियम ब्लॉकचेनवरच्या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) गेले ते याच चुकीने: पैसे मिळताच हल्लेखोराचा कॉन्ट्रॅक्ट पुन्हा तेच फंक्शन बोलवत राहिला आणि शिल्लक तोवर जुनीच होती. आधी तपासणी, मग नोंद, शेवटी रक्कम, हा क्रम पाळला की ही वाट बंद होते. टोकन पाठवल्यावर, ते गेलं की नाही याचं उत्तर न तपासणं हाही नेहमीचा इशारा. इथेरियमवरचं यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेलं टोकन तर ‘ट्रान्सफर’चं उत्तर देतच नाही, म्हणून थेट ‘ट्रान्सफर’ऐवजी ओपनझेपेलिनचं ‘सेफईआरसी२०’ वापरावं. गुणाकाराआधी केलेला भागाकारही ते पकडतं. सॉलिडिटीत अपूर्णांक कापले जातात, आणि व्याजाच्या हिशेबात तेवढ्यानेही खातं चुकतं.

आता त्याला न दिसणारं. २०२३ च्या मार्चमध्ये ऑइलर फायनान्स या क्रिप्टो कर्ज देणाऱ्या प्रकल्पातून सुमारे १९.७ कोटी डॉलर गेले. या प्रकल्पाची ऑडिटं झालेली होती. स्वतःची ठेव राखीव निधीला दान करणाऱ्या एका फंक्शनमध्ये, दानानंतर कर्जापुरतं तारण उरतं का, ही तपासणीच नव्हती. लिहिलेल्या ओळींत दोष नव्हता. जी ओळ हवी होती, ती लिहिलीच गेली नव्हती. नियम काय असायला हवा हे टूलला कोण सांगणार? त्यासाठी व्यवहार समजून घेणारा माणूस लागतो, आणि फाउंड्री किंवा एकिडना या चाचणीच्या साधनांत ‘कर्ज कधीही तारणापेक्षा जास्त नको’ अशा अटी लिहून हजारो यादृच्छिक व्यवहारांनी त्या मोडून पाहाव्या लागतात. पैशांच्या वॉलेटच्या चाव्या कोणाकडे आहेत हे तर कोडच्याही बाहेरचं. २०२४ च्या जुलैमध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजच्या मल्टिसिग (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या) वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले, तिथे प्रश्न सह्यांच्या प्रक्रियेचा होता.

गुंतवणूकदारालाही स्लिदरचा एक उपयोग आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. इथरस्कॅन या इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर सोर्स पडताळलेला असेल, तर कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि इथरस्कॅनची एपीआय की (साइटवरची माहिती प्रोग्रामला घेऊ देणारी किल्ली) देऊन ते चालतं. ‘व्हार्स अँड ऑथ’ हा प्रिंटर, म्हणजे माहितीचा तक्ता काढणारा पर्याय, लावला की कोणतं फंक्शन कोणत्या नोंदी बदलतं आणि बोलावणारा कोण हे तिथे तपासलं जातं का, याचा तक्ता मिळतो. मालक एकटा हवी तेवढी टोकन छापू शकतो का, विक्री थांबवू शकतो का, हे त्यावरून शोधता येतं. सभागृहातल्या सादरीकरणात ‘ऑडिटेड’ लिहिलेली पीडीएफ हातात आली, तर आधी हे करावं.

त्या पीडीएफमध्ये कमिट हॅश (कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण) आणि तपासलेल्या फाइलींची यादी शोधा. ऑडिट तेवढ्याच कोडचं असतं. द्राक्षाचा नमुना रेसिड्यू तपासणीला देऊन नंतर पुन्हा औषध फवारलं, तर आधीचा रिपोर्ट निर्यातीला काय कामाचा? कोडचंही तसंच. प्रॉक्सीमागचा (पत्ता तोच ठेवून आतला कोड बदलू देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमागचा) कॉन्ट्रॅक्ट बदलला, की जुना रिपोर्ट नव्या कोडबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येक त्रुटीपुढचा शेराही वाचा. ‘फिक्स्ड’ म्हणजे दुरुस्त केली. ‘ॲक्नॉलेज्ड’ म्हणजे मान्य केली आणि तशीच ठेवली.

बनवणाऱ्या टीमसाठी क्रम असा: स्लिदरचे ‘हाय’ आणि ‘मिडियम’ इशारे निकाली काढा, ‘फेल हाय’ पर्याय सीआयमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावा, चाचण्या पूर्ण करा, कोड गोठवा आणि मगच ऑडिटरला कमिट पाठवा. सोबत साध्या मराठीत किंवा इंग्रजीत दोन पानं द्या: कोण काय करू शकतं आणि कोणती गोष्ट कधीच घडता कामा नये. ऑडिटरचे दिवस महाग असतात. ते उत्तर न तपासलेल्या ‘ट्रान्सफर’वर खर्ची पडले, तर ऑइलरसारखी पोकळी शोधायला वेळ उरत नाही.