मॉड केलेल्या एन-६४ च्या केबलपायी माझे ८,९०० रुपये गेले

स्कार्ट प्लगचं (युरोपातल्या टीव्हींना चित्र-आवाज जोडायचा चपटा, रुंद प्लग) झाकण काढलं की आत २१ पिनांच्या जागा दिसतात. माझ्या केबलच्या प्लगमध्ये त्यांच्या पाठीमागे तीन बारीक रेझिस्टर डागलेले होते. जांभळा, हिरवा, काळा पट्टा, म्हणजे ७५ ओहम. माझ्या कन्सोलसाठी ते तिथे नकोच होते. हे कळेपर्यंत चार महिने गेले आणि ८,९०० रुपये गेले. मॉड केलेला, म्हणजे आतल्या सर्किटमध्ये बदल केलेला, जुना गेम कन्सोल ज्यांच्याकडे आहे किंवा जे घेणार आहेत, त्यांनी कुणाला पैसे पाठवण्याआधी हे वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

कन्सोल निन्टेन्डो ६४, अमेरिकेत १९९६ साली आलेला. मावसभावाने न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी आणला. हा कन्सोल मुळात आरजीबी, म्हणजे रंग वेगवेगळे, देत नाही; कंपोझिट (सगळं चित्र एकाच तारेतून) आणि एस-व्हिडिओ एवढंच देतो. पण सुरुवातीच्या अमेरिकी आणि जपानी कन्सोलमध्ये एक छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड बसवला की लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांतून बाहेर काढता येतात. भावाने ते काम तिकडेच करून घेतलं होतं. करणाऱ्याने बसवलेल्या बोर्डाचा फोटोही पाठवला होता. तो फोटो मी जपून ठेवला, हे नशीब.

राहिली केबल. आपल्याकडच्या टीव्हींना स्कार्ट सहसा नसायचं, ती युरोपातली गोष्ट. आपण पिवळी-पांढरी-लाल पिन लावत मोठे झालो. त्यामुळे चांगली स्कार्ट केबल कशी असते, हे पाहिलेला माणूस ओळखीत मिळणं कठीण. मी ती ओएसएससी नावाच्या कन्व्हर्टरला लावणार होतो, म्हणजे पुढे एचडीएमआयने आताच्या टीव्हीवर चित्र येतं. जुन्या गेम्सचं सामान विकणाऱ्या एकाची जाहिरात सापडली: ‘मॉड केलेल्या एन-६४ साठी खास, सी-सिंक, प्रत्येक तार कोॲक्स’. सी-सिंक म्हणजे चित्र पडद्यावर जागेवर ठेवणारा वेगळा सिग्नल, आणि कोॲक्स म्हणजे भोवती जाळीचं आवरण असलेली तार. किंमत ३,४००. मी विचारलं, "दादा, माझ्या बोर्डला चालेल ना?" उत्तर आलं, "डोळे झाकून घ्या." मी यूपीआयने पैसे पाठवले.

चित्र आलं, पण अंधारलेलं. सुपर मारिओ ६४ सुरू होतो तेव्हा किल्ल्याबाहेरच्या हिरवळीवर लख्ख ऊन असतं. माझ्याकडे तिथे तिन्हीसांज झाली होती. शिवाय पडद्यावर पांढरा भाग वाढला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायचा.

विक्रेता आधी म्हणाला, ओएसएससीच्या सेटिंगमध्ये गेन, म्हणजे सिग्नलची उचल, वाढवा. वाढवला. उजेड आला, पण सपाट रंगांत कण दिसायला लागले. मग म्हणाला, "तुमचा मॉडच खराब आहे. अमेरिकेत कुणी तरी घाईत केलेलं काम दिसतंय. कन्सोल पाठवा, ॲम्प्लिफायर बदलून देतो." ५,५०० रुपये, कुरियर माझ्याकडे. मी पाठवला. दोष केबलचा असेल, हे मनातही आलं नाही, कारण तोच माणूस इतक्या खात्रीने दोष दुसरीकडे दाखवत होता. तीन आठवड्यांनी कन्सोल परत आला. चित्र तसंच. त्यानंतर त्याने माझे मेसेज बघणं बंद केलं.

शेवटी कन्सोल आणि केबल घेऊन मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळ टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. स्कार्ट त्यांनीही फारसं हाताळलेलं नव्हतं, पण मीटर कसा लावायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. केबल दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवून त्यांनी लाल रंगाच्या १५ नंबरच्या पिनेवर एक टोक आणि त्याच रंगाच्या ग्राउंडवर, म्हणजे १३ वर, दुसरं टोक टेकवलं. आकडा आला ७५. हिरव्याची पिन ११, निळ्याची ७. तिथेही ७५.

"अरे, हे रेझिस्टन्स कशाला घातलेत इथे?" काका म्हणाले. "सिग्नल अर्धा इथेच जमिनीत चाललाय."

हिशेब सरळ आहे. बोर्डाच्या बाहेर पडताना ७५ ओहम आणि टीव्हीच्या किंवा कन्व्हर्टरच्या आत ७५ ओहम, अशी जोडी गृहीत धरूनच रंगाचा सिग्नल ०.७ व्होल्टपर्यंत येतो. मध्ये केबलमध्ये आणखी एक ७५ चा रस्ता ग्राउंडकडे उघडला की तो ०.४७ व्होल्टच्या आसपास उतरतो. माझी तिन्हीसांज ती हीच. असे रेझिस्टर युरोपातल्या पाल (तिकडची टीव्ही पद्धत) सुपर निन्टेन्डोच्या, म्हणजे एन-६४ च्या आधीच्या कन्सोलच्या, केबलमध्ये लागतात, त्या कन्सोलची ती गरजच आहे. प्लग तोच असल्यामुळे ती केबल एन-६४ ला बसते. थोडक्यात, त्याने पाल सुपर निन्टेन्डोची स्वस्त केबल नवीन नाव देऊन मला विकली होती.

सी-सिंकही खोटं निघालं. कन्सोलकडच्या प्लगमधली ३ नंबरची पिन स्कार्टच्या २० ला जोडलेली हवी होती. तिथे मीटर गप्प. ९ नंबर लावल्यावर वाजला, म्हणजे सिंकच्या जागी साधा कंपोझिट व्हिडिओ आणलेला. ओएसएससी त्यातूनही सिंक काढून घेतो, म्हणून मला शंका आली नव्हती. वरचं रबर कापलं तर कोॲक्स एकही नाही. सगळ्या तारा एका जुडग्यात, आवाजाची तार व्हिडिओला चिकटून. तो घूंऽऽ आवाज तिथून येत होता.

आणि मग काकांनी कन्सोल उघडला. मी भावाकडचा फोटो फोनवर काढून शेजारी धरला. बोर्ड तोच. एका कोपऱ्यात सोल्डरिंगच्या फ्लक्सचा तपकिरी डाग फोटोत होता, तोच डाग समोर. ॲम्प्लिफायरला हातही लागलेला नव्हता. केबलमध्ये फसलो त्याचं मला तेवढं वाटलं नाही. पण चांगल्या केलेल्या कामाला वाईट म्हणून त्याचे ५,५०० घेतले, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याला ‘माझ्या कन्सोलला चालेल का’ एवढं विचारून थांबू नका. बोर्ड बसवणाऱ्याकडून आधी जाणून घ्या: ७५ ओहमचे रेझिस्टर बोर्डावर आहेत का, २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बोर्डावर की केबलमध्ये अपेक्षित, सी-सिंक कुठल्या पिनेवर काढलंय आणि ते टीव्हीला सोसेल इतकं खाली आणलंय का. मग विक्रेत्याकडे उघड्या प्लगचा फोटो मागा, दोन्ही टोकांचा. मेहनतीने केबल बनवणारा माणूस असा फोटो आनंदाने देतो. केबल आली की आधी मीटर, मग कन्सोल. रंगाच्या तारेत कपॅसिटर असेल तर मीटरचा आकडा वाढत वाढत उघड्यावर जातो, त्याला घाबरू नका.

एक गोष्ट मात्र याहून गंभीर आहे. पाल सुपर निन्टेन्डोच्या ३ नंबरच्या पिनेवर सिंक नसतं, १२ व्होल्ट असतात. अमेरिकी कन्सोलसाठी बनवलेली सी-सिंक केबल त्याला लावली तर ते १२ व्होल्ट थेट तुमच्या टीव्हीच्या किंवा कन्व्हर्टरच्या सिंकमध्ये जातात. ‘सगळ्या सुपर निन्टेन्डोना चालते’ असं लिहून सी-सिंक केबल विकणारे मी पाहिलेत. त्यांच्याकडून घेऊच नका.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. पैसे दिल्याचे पुरावे, मेसेज, बोर्डाचे दोन्ही फोटो जोडलेत. काकांनी ते तिन्ही रेझिस्टर काढून दिले, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन गेन मूळ जागी आणला आणि मारिओ लावला. हिरवळीवर ऊन होतं. घूंऽऽ तेवढा अजून येतो, ती केबल टाकूनच द्यावी लागेल. त्या माणसाची जाहिरात आज सकाळी पाहिली. शब्द तेच आहेत, किंमत आता ३,९०० आहे.