शाश्वततेशी जोडलेले कर्ज: सवलत नाममात्र, शिस्त मात्र खरी

आमच्या कारखान्याने तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या शाश्वततेशी जोडलेल्या कर्जाचा हा अनुभव आहे. हरित कर्जाची रक्कम ठरलेल्या पर्यावरणपूरक कामावरच खर्च करावी लागते. शाश्वततेशी जोडलेल्या कर्जात तसे बंधन नसते, मात्र उत्सर्जन, अपघात अशा निर्देशकांची उद्दिष्टे गाठली तर व्याजदर थोडा उतरतो आणि हुकली तर चढतो.

आमच्या करारात हा फरक ५ बेसिस पॉइंटचा (०.०५ टक्क्याचा), म्हणजे शंभर कोटींवर वर्षाला पाच लाखांचा आहे, आणि बाह्य पडताळणीचे शुल्क दिल्यावर त्यातले फारसे उरत नाही. तरीही पस्तावा नाही. पूर्वी जनरेटरच्या डिझेलची बिले किरकोळ खर्चात जात आणि किती लिटर जळले हे कुणालाच सांगता येत नसे. पडताळणीला आलेल्यांनी पहिल्याच दिवशी लिटरचे आकडे मागितले. तेव्हापासून प्रत्येक भरणीची नोंद होऊ लागली आणि रात्रपाळीत वीज असतानाही जनरेटर चालू राहतो, हे त्या नोंदींतूनच उघड झाले. आता हे आकडे दर तिमाहीला संचालक मंडळापुढे येतात. कारभारात पडलेला हा फरक मला व्याजाच्या सवलतीपेक्षा मोलाचा वाटतो.

सामाजिक बाजू मात्र लंगडी आहे. आमचा निर्देशक कामाचा दिवस बुडवणाऱ्या अपघातांचा आहे. पाय मुरगळलेल्या एका कामगाराला घरी न पाठवता दोन दिवस हजेरीच्या टेबलावर बसवले गेले आणि तो अपघात आकड्यांत आलाच नाही. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद हा निर्देशक घ्यावा, अशी विनंती आम्ही केली. कर्जाची मुदत संपेपर्यंत निर्देशक बदलणे शक्य नाही, असे बँकेने दोन ओळींत कळवले.

उद्दिष्टे ठरवतानाही बँकेने फारशी घासाघीस केली नाही, आणि खरे सांगायचे तर उत्सर्जनाचे पहिले उद्दिष्ट आम्ही सही करतानाच जवळजवळ गाठलेले होते. एनेल या इटालियन वीज कंपनीने २०१९ मध्ये असेच उद्दिष्टाशी जोडलेले रोखे काढायला सुरुवात केली. पुढे २०२३ साठी तिने प्रति युनिट १४८ ग्रॅम उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले, प्रत्यक्षात १६० ग्रॅम झाले आणि संबंधित रोख्यांवरील व्याज २५ बेसिस पॉइंटने वाढले. हुकण्याची शक्यता खरी असेल, तरच असा करार कंपनीला हलवतो. नूतनीकरणात आम्ही स्वतःहूनच चढते उद्दिष्ट आणि मोठा फरक मागणार आहोत. वित्त विभागातील निम्मे सहकारी त्याला अजून राजी नाहीत.