जळगावात गाडीचा एसी दाखवायचा असेल तर

दुकानाचं नाव टाकत नाही. मिस्तरींनीच मना केलंय, 'उन्हाळ्यात आधीच जेवायची सोय नसते, अजून गर्दी कशाला?' अजिंठा चौफुलीकडून एमआयडीसीकडे वळा आणि कोणत्याही स्पेअरपार्टवाल्याला विचारा, पत्ता मिळेल.

माझी गाडी जुनी डिझेल हॅचबॅक. तेच १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन, जे एकेकाळी मारुती, टाटा, फियाट तिघांच्याही बॉनेटखाली सापडायचं. ड्रिपच्या (ठिबक सिंचनाच्या) कामासाठी रोज चोपडा, यावल, रावेर असं फिरणं. तिकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यामुळे एसीला मी चैन समजत नाही. ब्रेक जसा लागतो तसा एसी लागतो.

तक्रार अशी होती: हायवेला थंड, गावात शिरून गर्दीत अडकलं की कोमट. आधीच्या गॅरेजवाल्याने (कोण ते सोडा) बॉनेट उघडायच्या आधीच 'गॅस संपला' म्हणून सांगितलं, गॅस भरला आणि पैसे घेतले. पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. हे नवे मिस्तरी मूळचे अमळनेरकडचे. ते ऐकून हसले, 'गॅस काय डिझेल शे का, जळी जावाले?' खरंच आहे. एसीची लाइन बंदिस्त असते. गॅस कमी झाला तर तो कुठून तरी गळतोय, आणि जागा न शोधता भरला तर परत गळणारच.

त्यांनी पहिला हात घातला तो कंडेन्सरला. रेडिएटरच्या पुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जी जाळी असते ती. पुढचं बंपर सैल करून बॅटरी मारली तर जाळीत धूळ, किडे आणि कापसाचा तुसा असा नमदा बसलेला. दिवाळीनंतर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांमागे जो खान्देशात गाडी चालवतो, त्याच्या प्रत्येकाच्या कंडेन्सरमध्ये हे असणार. हायवेला वाऱ्याच्या जोराने थोडीफार हवा आत जाते, उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर येतो आणि जाळी बुजलेली असेल तर पंखा तरी काय करणार! वॉशिंगवाल्याकडे प्रेशरचं पाणी मारून घेऊ नका, पातळ पत्र्या आडव्या होतात. यांनी साध्या पाइपाने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी सोडलं आणि वाकलेल्या पत्र्या एका बारीक फणीने सरळ केल्या. पोरगा अर्धा तास त्यालाच बसला होता.

मग गळती. कंडेन्सरच्या पाइपाच्या जोडावर काळा चिकट डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं, ऑइलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून जागा डोळ्यांनी ओळखू येते. तरी त्यांनी नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला. बारीक बुडबुडे आले. आतली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. जेमतेम चहाच्या पैशातली वस्तू.

ती बदलून व्हॅक्यूम पंप लावला, पाऊण तास. बरेच जण इथे घाई करतात. लाइनमध्ये ओल राहिली की पुढे ती कॉम्प्रेसर खाते. गॅस काट्यावर तोलून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच. जास्त भरला की जास्त थंड, ही आपल्याकडची समजूत. उलट कूलिंग कमी होतं.

माझ्याकडे छोटा थर्मामीटर असतो. बाहेर ४२ अंश, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून ११. बिल २२००, कंपनीच्या सर्व्हिसपेक्षा स्वस्तच. बिल मात्र चिठ्ठीवर. बसायला टायरशिवाय काही नाही, पिण्याचं पाणी घरून न्या.

मिस्तरींशी माझं एकाच गोष्टीवर वाजलं. ते म्हणतात सनरूफवाली गाडी घ्या, पोरं खूश होतात. जळगावात सनरूफ! डोक्यावर तवा ठेवून फिरायचं आणि त्यासाठी वर लाखभर मोजायचे? मी पांढरा रंग आणि एसीची गोल बटणं बघून गाडी घेईन. टचस्क्रीनवर पंखा वाढवायला नजर रस्त्यावरून काढावी लागते, आणि आपल्या रस्त्यांवर तेवढ्यात समोर केळीचा ट्रॅक्टर येतो. काळ्या फिल्मचा विचार करत असाल तर २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि नंतरचे नियम आधी बघा. काच पुढे-मागे ७० टक्के, बाजूला ५० टक्के तरी पारदर्शक लागते. उन्हात उभी गाडी असेल तर आधी चारही काचा खाली करून थोडं चालवा, गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवायचं बटण दाबा. फुकटचं काम आहे.

दाखवायची असेल तर होळीच्या आधी, सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा. आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) गेलात तर चावी ठेवून रिक्षाने घरी यायचं, संध्याकाळपर्यंत गाडी मिळेलच असं नाही.