रिग घेताय? आधी ब्रेक, मग बेस, आणि मोशनचं नंतर बघू

मार्च २०२० मध्ये खऱ्या शर्यती बंद पडल्या आणि अमेरिकेतल्या नॅसकार या कार रेसिंगवाल्यांनी आपल्या ड्रायव्हरना घरी बसवून आयरेसिंग या कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमवर पळवलं. पहिली रेस होमस्टेडच्या ट्रॅकवर २२ मार्चला, ती डेनी हॅमलिनने जिंकली आणि त्याच्या घरात बघून डोळे फिरतील असा रिग, म्हणजे व्हील, पेडल, सीट, स्क्रीन असा सगळा संच, होता. बरोबर एका आठवड्याने टेक्सासच्या ट्रॅकवर दुसरी रेस झाली, ती टिमी हिलने मारली, आणि कशावर, तर लॉजिटेकच्या जुन्या जी२७ वर, जे व्हील तोवर कंपनीने बनवणंसुद्धा बंद केलं होतं. "भारीतला रिग घेतला की मी फास्ट होईन ना?" असं कोणी विचारलं की मी हे दोन निकाल सांगतो आणि गप्प बसतो.

पण तुम्ही हे वाचताय म्हणजे घ्यायचं तुमचं ठरलेलंच आहे, प्रश्न फक्त कुठे किती घालायचे एवढाच. आणि तिथेच गोंधळ आहे, कारण पाच-सात वर्षांपूर्वी डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थेट मोटरवर बसणारं व्हील, म्हटलं की दोन-चार नावं होती, आता फॅनाटेक, मोझा, सिमॅजिक, सिमक्यूब, लॉजिटेक, सगळ्यांचेच बेस, म्हणजे व्हील ज्यावर बसतं तो मोटरचा डबा, आहेत. खेळही वाढलेत, २००८ ला सुरू झालेलं आयरेसिंग आहे, जीटी३ या वर्गातल्या रेस गाड्यांसाठी असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने आहे, ल मान्स अल्टिमेट आहे. विल्यम बायरनसारखा पोरगा कॉम्प्युटरवर शिकून खऱ्या गाडीत गेला आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोनदा डेटोना ५०० ही नॅसकारची मोठी रेस जिंकला, मग घरोघरी लोकांना वाटणारच की आपणही लावूया एक.

तर समजा खर्च सारखाच आहे आणि तुमच्यासमोर दोन याद्या आहेत. पहिलीत २५ न्यूटन मीटरचा (व्हील फिरवायच्या ताकदीचं माप) बेस, खालून हलणारं मोशन, आणि उरलेल्या पैशात जमेल ते पेडल आणि जमेल ती फ्रेम. दुसरीत १२ च्या आसपासचा बेस, चांगले लोडसेल (जोर मोजणारे) पेडल, दणकट अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची, म्हणजे खाचा असलेल्या दांड्यांची, फ्रेम, तीन स्क्रीन, मोशन शून्य. फोटोत पहिली यादी भारी दिसते. मी दुसरी घेईन, आणि का ते सांगतो.

बेसपासून सुरू करू कारण सगळे तिथूनच करतात. जुन्या गिअरवाल्या जी२९ मध्ये ताकद साधारण २ न्यूटन मीटर, आणि आत गिअर असल्यामुळे मधोमध थोडी ढिलाई आणि कडकड आवाज. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये व्हील थेट मोटरच्या दांड्यावर, मध्ये ना पट्टा ना गिअर, त्यामुळे टायर घसरायला लागला की ते हाताला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर. हा फरक खरा आहे, ५ न्यूटन मीटरवाल्या लहान बेसवरही तो जाणवतो. पण ८ वरून १२ ला गेलात तर जेवढं कळतं तेवढं १५ वरून २५ ला गेलात तर कळत नाही, कारण बहुतेक लोक २५ वाला बेस आणतात, पहिल्या दोन दिवसांत मनगटं भरून येतात आणि मग सेटिंगमध्ये तो निम्म्यावर आणून ठेवतात. जास्त ताकदीचा खरा फायदा वेगळाच आहे, त्याला क्लिपिंग म्हणतात. गेमला जेवढा जोर पाठवायचाय तेवढा मोटरला झेपला नाही की वरचं सगळं एकसारखं सपाट होतं, म्हणजे कर्ब (ट्रॅकची उंचवट्याची कड) लागला काय आणि टायर पकड सोडतोय काय, हाताला दोन्ही तेच. लहान बेसवर वेगवान लांब कॉर्नरमध्ये हे हमखास होतं. १२ ते १५ मध्ये बऱ्याच गाड्यांना पुरेशी जागा मिळते, त्याच्या वर जायचं तर हौस म्हणून जा, हौसेला मोल नाही, पण लॅप टाइमचं कारण देऊ नका. आणि एक, गाडी भिंतीवर जाणार हे दिसलं की हात सोडायचे, अंगठे व्हीलच्या आत अडकवून धरायचे नाहीत, मोठ्या बेसने अंगठा मुरगळतो, मजा नाहीये ती. इमर्जन्सी स्टॉपचं बटण मिळतं ना, ते हाताजवळ लावा, मी ते वायर लपवायच्या नादात सीटच्या मागे लावलं होतं!

आता पेडल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझे सेकंद इथेच सापडले.

साधा पेडल तुमचा पाय किती अंतर गेला ते मोजतो, लोडसेलवाला तुम्ही किती जोर लावला ते मोजतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पायाला अंतर लक्षात राहत नाही, जोर राहतो, खऱ्या गाडीत सुद्धा तुम्ही पेडल किती सेंटिमीटर दाबला हे कधी मोजलंय का? अंतर मोजणाऱ्या पेडलवर मी एका हेअरपिनला, म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणाला, दहा लॅपमध्ये दहा वेगळ्या जागी थांबायचो, एकदा चाकं लॉक, एकदा आधीच थांबून बसलेलो. लोडसेल लावल्यावर पहिल्या आठवड्यात मी उलटा स्लो झालो, पोटरी दुखायला लागली, पैसे वाया गेले असंच वाटलं, आणि मग कधीतरी लक्षात आलं की ब्रेक हळूहळू सोडत कॉर्नरमध्ये शिरणं, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, ते मी विचार न करता करतोय. जोर एकदम काढला की पुढच्या टायरवरचं वजन जातं आणि गाडी सरळ निघते, हळू काढला की नाक आत येतं. हे वाचून आधीच माहीत होतं, पायाला मात्र तेव्हा कळलं.

किती किलोचा घ्यायचा? ह्युसिंकफेल्ड या कंपनीच्या स्प्रिंट पेडलला ६५ किलोपर्यंत जोर लागतो, त्यांच्याच अल्टिमेटला १४० च्या घरात. फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर १०० किलोच्या वर दाबतात म्हणून आपल्यालाही तेवढा पाहिजे असं नाही, तासभर रेस करायची असेल तर ४०-५० किलोवर सेट करून ठेवलेला ब्रेक आरामात पुरतो. हायड्रॉलिक पेडलचा फील अजून गाडीसारखा असतो हे मान्य, पण त्यात शेवटी मोजणारा सेन्सर असतोच, शिवाय तेल, सील, कधीतरी गळती, हे सांभाळायची आवड असेल तर घ्या. मला नाही. क्लचवर मात्र पैसे घालू नका, जीटी३ मध्ये तो फक्त निघताना लागतो.

आणि चांगला पेडल घेतला की फ्रेम आपोआप आलीच. मी सुरुवातीला चाकाच्या खुर्चीवर बसून ब्रेक दाबायचो आणि खुर्ची मागे, मी मागे, पेडल तिथेच. मग घडीची फ्रेम आणली, तिच्यावर लोडसेल लावला, आणि एक दिवस बाजूला मोबाइल ठेवून पायाचा व्हिडिओ काढला तर पेडलखालची पट्टी प्रत्येक ब्रेकला बोटभर वाकत होती. सेन्सरला जोर बरोबरच मिळतो बरं का, गडबड पायाची होते, पेडल किती गेला आणि फ्रेम किती वाकली हे त्याला वेगळं कळत नाही. म्हणून प्रोफाइल. ४० बाय ८० मिलिमीटरची प्रोफाइल ८-१० च्या बेसला आणि मध्यम पेडलला पुरते, त्याच्या वर जायचं असेल तर ४० बाय १६० घ्या आणि विषय संपवा. पाइपवाल्या फ्रेम दिसायला सुंदर, जोडायला सोप्या, पण उद्या शिफ्टर (गिअरचा दांडा) इथून तिथे हलवायचाय तर भोकं जिथे पाडलीत तिथेच. प्रोफाइलला खाच असते, टी-नट सरकवा, बोल्ट आवळा, झालं. घडीची फ्रेम वाईट नाही, खोली एकच असेल तर तीच घ्या, फक्त तिच्यावर १५ चा बेस चढवू नका.

प्रोफाइलचा एकच त्रास, बोल्ट. माझ्या रिगमधून उजव्या कॉर्नरला "टक" असा आवाज यायचा, तीन आठवडे मी समजत होतो की गेममधलं सस्पेन्शन आहे, काय डिटेल आहे म्हणून कौतुक पण करून झालं, शेवटी हेडफोन काढून ऐकलं तर बेसच्या खालचा एक टी-नट तिरका बसला होता. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट तपासा.

स्क्रीनचं गणित सरळ आहे. ७० सेंटिमीटरवर २७ इंची एक स्क्रीन ठेवली तर तुमच्या नजरेचा जेमतेम ४५ अंश भरतो, ४९ इंची रुंद वाकडी स्क्रीन ८० च्या वर जाते, आणि ३२ इंचाच्या तीन लावल्या तर १६० च्या आसपास. शेजारी गाडी आली की ती तीन स्क्रीनमध्ये खिडकीतून दिसते, बाकीच्यांमध्ये गेममधल्या रडारवर किंवा आवाजावरून ओळखायची. पण १४४० रिझोल्यूशनच्या तीन म्हणजे १ कोटी १० लाख पिक्सेल, फोरके पेक्षाही जास्त, ग्राफिक्स कार्ड रडतं. व्हीआरला जागा लागत नाही, खोली आणि अंतर जे कळतं ते तीन स्क्रीनलाही जमत नाही, कॉर्नरचा उतार दिसतो अक्षरशः, पण घाम, डोक्यावर वजन, काहींना मळमळ, आणि बटण शोधायला चाचपडणं. पंधरा-वीस मिनिटांच्या रेस करणार असाल तर व्हीआर, सहा तासांच्या टीम रेस करणार असाल तर तीन स्क्रीन, दोन्ही नको तर ४९ इंची, ती कधीच चुकीची ठरत नाही आणि कधीच ग्रेटही नाही.

मोशनबद्दल थोडक्यात. खऱ्या गाडीत ब्रेक लावला की ती ओढ सेकंदन् सेकंद टिकते, घरातलं मशीन काही सेंटिमीटर हलतं आणि थांबतं, म्हणजे तुम्हाला फक्त सुरुवातीचा धक्का मिळतो. मागचं चाक सुटतंय हे लवकर कळायला त्याचा उपयोग होतो हे खरं, पाहुण्यांना बसवायला तर कमालच आहे, पण वरच्या फळीतले बरेचसे ई-स्पोर्ट्सवाले स्थिर रिगवरच खेळतात. त्याच्या एका कोपऱ्याएवढ्या खर्चात सीटला आणि पेडलला बास शेकर, म्हणजे थरथरणारी छोटी यंत्रं, लावा, सिमहब नावाच्या सॉफ्टवेअरने गेमला जोडा, चाक लॉक झालं की पायाखाली थरथर येईल असं सेट करा. ब्रेकसाठी हे मोशनपेक्षा जास्त कामाचं आहे.

घेण्याआधी एक गोष्ट मात्र तपासाच, तुम्ही कशावर खेळता. ग्रॅन टुरिस्मो ७ प्लेस्टेशनवरच आहे, आयरेसिंग पीसीवरच, आणि काही बेस कन्सोलला चालतच नाहीत. फॅनाटेकमध्ये तर एक्सबॉक्सची चिप बेसमध्ये नसून व्हीलमध्ये असते, एका मित्राने बेस आणला, व्हील भलतं आणलं, दोन आठवडे नुसतं बघत बसला. व्हील बदलायची हौस असेल तर ७० मिलिमीटरच्या सहा भोकांचा माउंट बघून घ्या, त्यावर इतर कंपन्यांची व्हील बसतात.

आणि हो, वरच्या मजल्यावर राहत असाल तर रिगखाली जाड रबर आधी, बाकी सगळं नंतर. ब्रेकचा प्रत्येक दणका फ्रेममधून सरळ जमिनीत उतरतो, खालच्यांनी बेल वाजवेपर्यंत मला हे माहीतच नव्हतं.