गौरी बसायच्या आधी उभं करतो म्हणाला

"काकू, गौरी बसायच्या आधी तुम्हाला उभं करतो," असं कृत्रिम पाय विकणारा तो माणूस म्हणाला आणि मी तिथेच फसले. पैसे नंतर गेले.

कर्वेनगरात माझं पोळीभाजी केंद्र आहे. सगळं उभ्याचं काम. शुगर अठरा वर्षांची. २०२३च्या जूनमध्ये डाव्या चपलेत खडा गेला आणि मी दिवसभर तशीच वावरले, कारण पायाला काही जाणवतच नव्हतं. जखम चिघळली, जुलैत गुडघ्याखाली पाय काढला. त्याचं रडगाणं इथे गात नाही. गुडघा वाचला ही केवढी मोठी गोष्ट, ते मला पुढे कळलं.

टाके निघायच्या आधीच वॉर्डबॉयने कार्ड आणून दिलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोटातला माणूस हजर. वॉर्डात सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते, मग आम्हीही म्हणायला लागलो. त्याने टॅबवर कृत्रिम पायाने हिरवळीवर धावणारी एक गोरी बाई दाखवली. जर्मनीचा कार्बन फूट म्हणजे कार्बनच्या पट्टीचं पाऊल, उरलेल्या पायावर चढवायचा सिलिकॉनचा लायनर, एकदा बसवला की आयुष्यभराचं काम. २,८५,००० रुपये; सगळे आधी दिले तर २,४०,०००. ह्यांनी विचारलं, जयपूर फूटचं काय? तो हसला. "तो गरिबांसाठी असतो हो. काकूंना शोभेल का?" झालं. पुणेरी माणसाला शोभेल का विचारलं की त्याचा हात खिशाकडे जातोच.

एक लाख यूपीआयने, बाकीचे रोख. पावतीवर 'सर्जिकल सामान' एवढंच लिहिलेलं. जीएसटी नंबर नाही, कंपनीचं नाव नाही, फूटचा नंबर नाही. ह्यांनी टोकलं तर म्हणाला, पक्कं बिल पाय देताना देतो. ते बिल मी अजून पाहिलेलं नाही.

माप घरी येऊन घेतलं. हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं, प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, वीस मिनिटांत मोकळा. मी दिवसभर काय करते, किती तास उभी असते, घरात चप्पल घालते का, खाली बसते का, एक प्रश्न नाही.

पाय गौरीच्या आधी बारा दिवस आला. मी वॉकर धरून देवघरापर्यंत गेले, सुनेने फोटो काढला, सगळे रडलो. तो दिवस खोटा नव्हता, हे मला आजही मान्य करावं लागतं. म्हणून तर पुढचे तीन महिने मी त्याच्यावर संशय घेतला नाही, स्वतःवरच घेतला.

माझ्या पायाला लायनरच्या टोकाला पिन आहे. उरलेला पाय ज्या खोलगट साच्यात बसतो ते सॉकेट. पाय घालताना ती पिन सॉकेटच्या तळाच्या कुलपात शिरते आणि कट् कट् वाजते. सप्टेंबरात चार वेळा वाजायचं. दिवाळीत सात. डिसेंबरात दहा झाले, म्हणजे मी रोज थोडी थोडी सॉकेटच्या आत बुडत होते. फोन केला तर म्हणाला, लायनरवरचे मोजे वाढवा. तीन पदरी, मग पाच पदरी, मग एकावर एक. ओट्यापाशी उभी राहिले की गुडघा मागे ढकलला जायचा, जणू कुणी पुढून रेटतंय. तो म्हणे, सवय होईल काकू, चाला, चाला. एका रात्री लायनर काढला तर आत ओलं लागलं. हातातला आरसा खाली धरून पाहिलं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला छोटं हाड असतं, त्याच्यावरची साल रुपयाएवढी गेली होती. दुखलं कुठे? शुगर ना. पोळ्या लाटत होते मी त्या पायावर.

त्यानंतर त्याचा फोन लागेना.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार काका आहेत. लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून पुण्यातच आहे. काकांचा एक जोडीदार तिथूनच पाय घेऊन गेली कित्येक वर्षं चालतोय. काका म्हणाले, "ताई, तुम्ही पाय घेतला की फ्रीज? आधी शिकलेल्या माणसाला दाखवा." त्यांच्याच ओळखीने कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्या एका प्रोस्थेटिस्ट मुलीकडे गेलो. साडेचार वर्षांची पदवी असते याची आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी लागते. तिचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. आमच्या पांढऱ्या कोटवाल्याचा नोंदणी क्रमांक तिने विचारला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

तिने पहिल्यांदा पाय हातात घेतलाच नाही. माझा स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय पाहिला, जखम पाहिली, आणि पंधरा दिवस काहीही घालायचं नाही म्हणाली. मग फूट उलटं केलं. तळव्यावर जर्मन कंपनीचा स्टिकर होता, तो नखाने खरवडला. कांद्याच्या सालीसारखा निघाला. खाली काही नाही. "काकू, कार्बन फूटला वरून रबरी खोळ असते, ती निघते, आत काळी पट्टी दिसते. त्यावर नंबर असतो, वजनाप्रमाणे कॅटेगरी असते. ह्याला खोळच नाही. हा सॅच फूट आहे, आत घट्ट गाभा, टाचेला मऊ रबर." किंमत विचारली. काही हजार.

सॅच फूट वाईट नसतो, हे तिनेच सांगितलं. घरात हळू चालणाऱ्याला पुरतो. मी चोरी झाली म्हणते ती कार्बन फूटच्या नावावर घेतलेल्या पैशांची. पण खरा अपराध सॉकेटचा होता. पाय काढल्यावर स्टंप सुजलेला असतो. पुढचे काही महिने, कुणाचा वर्षभर, तो आकसत जातो. म्हणून आधी आठच्या आकड्यासारखं क्रेप बँडेज बांधायचं, पहिला पाय तात्पुरता, स्वस्तातला, आणि मापं ठरल्यावर पक्का. त्याआधी पारदर्शक प्लास्टिकचं सॉकेट घालून बघतात, कातडी कुठे पांढरी पडते ते बाहेरून दिसतं. सात आठवड्यांच्या सुजेवर 'आयुष्यभराचं' सॉकेट म्हणजे गरोदर बाईच्या मापाचा ब्लाऊज. गुडघा मागे का जातो तेही कळलं. त्याने पाय बुटाच्या टाचेवर जुळवला होता आणि मी स्वयंपाकघरात अनवाणी. टाच खाली गेली की सॉकेट आणि फूटमधली नळी मागे झुकते.

आणि ज्याला तो गरिबांचा म्हणून हसला तो जयपूर फूट! १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो आपल्यासारख्यांसाठीच घडवला. अनवाणी चालायला, उकिडवं बसायला, चिखलात जायला. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो फुकट देते. मला शेवटी तोच घ्यावा लागला असं नाही, पण निदान हसण्याआधी त्याने माझं स्वयंपाकघर बघायला हवं होतं.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. १९१५ हा ग्राहकांचा फोन क्रमांक आहे. पक्कं बिल नसताना माझ्या उपयोगाला आलं ते यूपीआयचं स्टेटमेंट आणि त्याचे 'मोजे वाढवा'चे व्हॉट्सॲप निरोप. रोख दिलेले एक लाख चाळीस हजार मात्र सिद्ध कसे करायचे, यावर वकीलबाई मान हलवतात.

मी आता दुसऱ्या पायावर आहे. त्याआधी चार महिने तात्पुरत्यावर काढले. रोज रात्री आरसा धरून बघते.

परवा त्याच हॉस्पिटलातून एका बाईचा फोन आला, ओळखीच्या ओळखीतून. सासऱ्यांचा पाय काढलाय, टाके अजून आहेत. कार्ड आलंय. काय म्हणतो तो, विचारलं.

"दिवाळीच्या आधी उभं करतो म्हणाला."

मी म्हटलं, घरात शिवणाची टेप आहे? सकाळी आणि संध्याकाळी स्टंपचा घेर मोजा, वहीत लिहा, आणि तो आकडा स्थिर होईपर्यंत त्याला एक रुपया देऊ नका.

"आणि दिवाळी?"

"खुर्चीत बसून करा," म्हटलं. "फराळ मी पाठवते."