गुडाल की फॉसी?

दोघींनाही वानरांच्या अभ्यासासाठी जंगलात धाडलं मानवाच्या उत्क्रांतीचा शोध घेणाऱ्या लुई लीकी यांनी. जेन गुडाल 1960 मध्ये टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) गोंबेला चिंपांझींसाठी गेल्या, तेव्हा त्यांच्याकडे पदवीही नव्हती. डायन फॉसी आधी अपंग मुलांच्या रुग्णालयात काम करत. 1967 मध्ये त्यांनी रवांडाच्या डोंगरात कारिसोके हे गोरिलांच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं. डॉक्टरेट पुढे दोघींनी केंब्रिजमधूनच घेतली.

शोधाच्या बाबतीत गुडाल यांचं पारडं जड. वारुळात काडी घालून वाळवी काढणारा चिंपांझी त्यांनी पाहिला आणि ‘हत्यारं फक्त माणूसच बनवतो’ हा समज मोडीत निघाला. मात्र जवळीक साधायला त्यांनी केळी वाटली. त्यामुळे मारामाऱ्या वाढल्या, अशी टीका झाली आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. फॉसींनी आमिष दाखवलं नाही. गोरिलांसारखे आवाज काढायचे, पाला चघळायचा, खाली बसून राहायचं. पद्धत म्हणून मला हीच जास्त पटते.

संवर्धनात मात्र चित्र उलटतं. 1977 च्या अखेरीस डिजिट या लाडक्या गोरिलाला शिकाऱ्यांनी मारल्यावर फॉसी सूडाला पेटल्या. फासे उखडणं ठीक, पण पकडलेल्यांना मारहाण करून आसपासची माणसं तोडली. 1985 मध्ये केबिनमध्येच त्यांचा खून झाला. गुडाल गावकऱ्यांना सोबत घेऊन, मुलांशी बोलत जगभर फिरल्या; 2025 मध्ये, एक्क्याण्णव्या वर्षी, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच गेल्या.

गंमत म्हणजे फॉसींचा पर्यटनाला कडवा विरोध होता, आणि आज रवांडात गोरिलांच्या रक्षणाचा मोठा खर्च त्याच पर्यटनातून निघतो.